अजीकिरी: लहान मासळीसाठी घडलेली जपानी सुरी

अजीकिरी ही लहान मासे साफ करण्याची, कापण्याची आणि काट्यापासून सोडवण्याची जपानी सुरी आहे. ‘अजी’ हा जपानच्या किनाऱ्यावर मुबलक मिळणारा मासा आणि ‘किरी’ म्हणजे कापणे. तिचे पाते साधारण ९ ते १२ सेंटिमीटर लांब असते. पाठीकडे ते जाड असते, टोकाला अणकुचीदार असते आणि त्याला धार एकाच बाजूने दिलेली असते. मोठी मासळी कापण्यासाठी जपानी स्वयंपाकघरात ‘देबा’ नावाची भक्कम सुरी वापरतात. अजीकिरी त्याच घराण्यातली धाकटी. तिच्या अगदी जवळची ‘को-देबा’, म्हणजे लहान देबा, अनेक दुकानांत याच नावाने किंवा हिच्या शेजारीच मांडलेली दिसते. जे कारागीर दोघींत फरक करतात ते को-देबाचे पाते थोडे जाड ठेवतात आणि अजीकिरीचे थोडे पातळ. काम मात्र दोघींचे एकच.

एवढ्याशा मासळीसाठी वेगळी सुरी कशाला, असे पाहणाऱ्याला वाटू शकते. त्याचे उत्तर माशाच्या अंगातच आहे. या सुरीची लांबी, जाडी, टोक आणि एकांगी उतार यांतली प्रत्येक गोष्ट माशाच्या हाडामांसाच्या रचनेवरून ठरलेली आहे. म्हणून आधी मासा पाहावा आणि मग सुरी.

जिच्यासाठी सुरी घडली ती मासळी

अजीचे शास्त्रीय नाव ट्रॅक्युरस जॅपोनिकस. बाजारात येणारा अजी बहुधा १५ ते ३० सेंटिमीटर लांबीचा असतो. कोकण किनाऱ्यावर मिळणारा काटबांगडा याच कुळातला. दोघांच्याही कुशीवर टणक, खरबरीत खवल्यांची एक रांग असते आणि शेपटीजवळ ती जास्त जाणवते. अजीच्या या रांगेला जपानीत ‘झेइगो’ म्हणतात. ती इतकी कडक असते की आधी खरवडून काढली नाही तर खाताना तोंडाला लागते. रांगेखालचे मांस मात्र मऊ असते, पोटाची भिंत पातळ असते आणि मधला काटा बारीक असला तरी चिवट असतो.

याच सुरीखाली येणारे इतर मासेही मराठी वाचकाला परके नाहीत. इवाशी ही तारलीची जपानी बहीण. किसू हा मुडदुशीच्या, म्हणजे मुंबईकडे रेणवी म्हणतात त्या माशाच्या, जातकुळीतला. साबा हा बांगड्याचा नातलग आणि त्याचे लहान नगही अजीकिरीने कापता येतात. या सगळ्यांची अडचण एकच. हाडे आहेत म्हणून सुरी मजबूत हवी आणि मांस थोडे आहे म्हणून ती नेमकीही हवी. मोठ्या माशाच्या काट्याला बोटभर मांस चिकटून राहिले तरी फार बिघडत नाही. वीतभर माशाच्या बाबतीत तेवढ्यानेच निम्मा मासा वाया जातो.

ठेवण

जपानी सुऱ्यांची लांबी परंपरेने ‘सुन’ या मापात मोजली जाते. एक सुन म्हणजे सुमारे ३.०३ सेंटिमीटर. साडेतीन सुनांची, म्हणजे सुमारे १०५ मिलिमीटरची सुरी या प्रकारात फार चालते, आणि ४ सुनांची १२० मिलिमीटरची सुरीही पुष्कळ ठिकाणी दिसते. घरगुती वापराची पूर्ण देबा साधारण १५० मिलिमीटरपासून सुरू होते आणि व्यावसायिकांच्या हातात ती २०० मिलिमीटरच्याही पुढे जाते. लहान पात्याचा फायदा असा की सुरीचे टोक बोटांच्या फार दूर जात नाही. पोट उघडताना, कल्ले सोडवताना किंवा मणक्याला चिकटलेली रक्ताची रेघ टोकाने फोडताना ते नेमके कुठे आहे हे हाताला कळत राहते.

मुठीजवळ पात्याची पाठ ३ ते ५ मिलिमीटर जाड असते. घरातल्या साध्या भाजीच्या सुरीपेक्षा ही जाडी बरीच जास्त आहे. ती असते डोक्यासाठी. माशाचे डोके धडापासून वेगळे करताना मणका तोडावा लागतो. पातळ पाते तिथे वाकते किंवा त्याच्या धारेचा टवका उडतो. जाड पाते थोड्या दाबाने मणक्याच्या सांध्यातून आरपार जाते. पण हीच जाडी प्रमाणाबाहेर गेली तर पाते पाचरीसारखे आत शिरून लहान माशाचे मांस फाडते. त्यामुळे मोठी देबा नुसती आखूड केली की अजीकिरी होत नाही. लांबीबरोबर जाडीही उतरवावी लागते.

धारेची रेषा मुठीकडे बरीचशी सरळ असते आणि टोकाकडे गोलाई घेत वर जाते. मुठीजवळच्या मागच्या कोपऱ्याला सुरीची टाच म्हणता येईल. हाड तोडायचे काम या भागाकडे, मांस सोडवायचे मधल्या भागाकडे आणि पोटातले नाजूक काम टोकाकडे. एकाच छोट्या पात्याचे असे तीन भाग तीन कामे करतात.

मूठ बहुधा ‘हो’ या जपानी मॅग्नोलियाच्या लाकडाची असते. हे लाकूड हलके असते आणि पाण्यात फारसे कुजत नाही. ओल्या हातातून ते सहजी निसटतही नाही. मुठीच्या तोंडाशी चांगल्या सुरीला म्हशीच्या शिंगाचे कडे बसवतात. त्यामुळे लाकूड चिरत नाही. पात्याचा मागचा निमुळता भाग तापवून मुठीत ठोकून बसवलेला असतो. मूठ खराब झाली की ती काढून नवी घालता येते आणि पाते वापरात राहते.

एकाच बाजूची धार

या सुरीचे सारे मर्म तिच्या एकांगी धारेत आहे. उजव्या हातात धरलेल्या सुरीची उजवी बाजू पाहिली तर तिचा वरचा भाग सपाट दिसतो. पात्याच्या मध्यावर एक स्पष्ट कंगोरा येतो, त्याला ‘शिनोगी’ म्हणतात. तिथून धारेपर्यंत रुंद, सपाट उतार जातो. डावी बाजू वरवर पाहता सपाट वाटते, पण ती किंचित खोलगट असते. ही खोलगट बाजू म्हणजे ‘उरा’. उराच्या कडा तेवढ्या मांसाला टेकतात आणि मधे हवेची पातळ फट राहते. त्यामुळे ओले मांस पात्याला चिकटत नाही.

दोन्ही बाजूंनी १५-१५ अंशांचा उतार दिला तर धारेचा एकूण कोन ३० अंशांचा होतो. उतार एकाच बाजूने दिला तर तो १५ अंशांतच भागतो. धार तीक्ष्ण होण्याचे पहिले कारण हे. मात्र देबाच्या कुळातल्या सुरीला हाडाशीही सामना करायचा असतो. इतकी बारीक धार तिथे टिकत नाही. म्हणून मुख्य उताराच्या अगदी कडेला आणखी एक, केसाएवढा, जास्त कोनाचा उतार देतात. त्याला ‘कोबा’ म्हणतात. टाचेकडे तो थोडा जाड ठेवतात आणि टोकाकडे अगदी बारीक.

एकांगी धारेचे दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. काट्यावरून मांस सोडवताना सुरी आडवी धरतात. अशा वेळी उताराची बाजू खाली, काट्याकडे असते आणि खोलगट बाजू वर, मांसाकडे. सुताराची पटाशीही एकाच बाजूने घासलेली असते. उतार खाली ठेवून ती चालवली की ती लाकडात खोल घुसत नाही, पृष्ठभागावरून सरकत जाते. अजीकिरी काट्यावर तशीच चालते. उतार काट्याला टेकून राहतो, धार काट्यात रुतत नाही आणि बरगड्यांचे चढउतार हाताला एकेक करून जाणवतात. दोन्ही बाजूंनी धार असलेली सुरी हेच काम करते, पण ती कधी हाडात अडकते तर कधी वर सरकून मांस काट्यावर सोडून देते.

या रचनेची एक मर्यादाही आहे. एकांगी धारेची सुरी सरळ खाली दाबली तर ती सपाट बाजूकडे ओढली जाते. सवय नसलेल्या हाताने कांदा किंवा बटाटा कापला तर काप तिरके पडतात. शिवाय उजव्या हाताची सुरी डावखुऱ्या माणसाच्या उपयोगाची नसते, कारण त्याच्या हातात गेल्यावर उतार उलट बाजूला येतो. डावखुऱ्यांसाठी आरशातल्या प्रतिमेसारखी उलटी सुरी वेगळी घडवावी लागते आणि तिची किंमत बहुधा जास्त असते.

लोखंड आणि पोलाद

परंपरागत अजीकिरी दोन धातूंची असते. धारेसाठी कडक पोलाद आणि अंगासाठी मऊ लोखंड. पोलादाला ‘हागाने’ आणि लोखंडाला ‘जिगाने’ म्हणतात. सगळे पाते कडक पोलादाचे केले तर ते ठिसूळ होते आणि त्याला धार लावायलाही फार वेळ लागतो. मऊ लोखंड धक्का सोसते आणि दगडावर लवकर झिजते. दोन्ही एकत्र आले की धार कडक राहते आणि सुरी हाताळायला सोपी होते. या बांधणीला ‘कासुमी’ म्हणतात. उतार घासून झाल्यावर मऊ लोखंडाचा भाग धुरकट दिसतो आणि धारेलगतची पोलादाची पट्टी चमकते.

पोलाद बहुधा शिमाने प्रांतातल्या यासुगी येथून येते. हा प्रदेश वाळूतल्या लोहखनिजापासून पोलाद गाळण्याच्या जुन्या परंपरेसाठी प्रसिद्ध आहे. तिथल्या पोलादांची नावे ते ज्या रंगाच्या कागदात गुंडाळून येई त्यावरून पडली. ‘शिरोगामी’ म्हणजे पांढरा कागद आणि ‘आओगामी’ म्हणजे निळा कागद. शिरोगामी हे अतिशय शुद्ध कर्बयुक्त पोलाद आहे. त्याच्या दुसऱ्या क्रमांकाच्या प्रतीत कर्बाचे प्रमाण सुमारे १.१ टक्के असते. आओगामीत क्रोमियम आणि टंगस्टन मिसळलेले असते. त्यामुळे त्याची धार जास्त टिकते, पण ती लावायला थोडे जास्त कष्ट पडतात.

घडवताना लोहार तापलेल्या लोखंडावर टाकणखार आणि लोखंडाचा कीस यांचे मिश्रण टाकतो, त्यावर पोलादाची पट्टी ठेवतो आणि भट्टीत पुन्हा तापवून घणाखाली दोन्ही एकजीव करतो. मग पात्याचा आकार ठोकून काढतो. आकार आल्यावर पाते पेंढ्याच्या राखेत हळूहळू निवू देतात, म्हणजे आतला ताण जातो. पुढचा टप्पा पोलादाला पाणी देण्याचा. पात्याला मातीचा पातळ लेप लावून ते सुमारे ७८० ते ८०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवतात आणि एकदम पाण्यात बुडवतात. उष्णता थोडी जास्त झाली तर पोलादाचे कण मोठे होतात आणि धार ठिसूळ होते. ती कमी पडली तर पोलाद कडक होत नाही. म्हणून हे काम मंद उजेडात, तापलेल्या धातूचा रंग पाहून केले जाते. शेवटी पाते सौम्य आचेवर पुन्हा तापवून त्याचा ठिसूळपणा कमी करतात. पाणी दिल्यावर पाते थोडे वाकडे होतेच. लोहार ते हलक्या ठोक्यांनी सरळ करतो.

साकाईची कारागिरी

देबाच्या घराण्याचे माहेर म्हणजे ओसाकाजवळचे साकाई हे बंदर. १६व्या शतकात पोर्तुगीजांबरोबर जपानमध्ये तंबाखू आली. तिची पाने कापण्यासाठी धारदार सुऱ्यांची गरज पडली आणि साकाईच्या लोहारांनी त्यात नाव कमावले. पुढे एदो काळात शोगुनच्या, म्हणजे लष्करी सत्ताधीशाच्या, सरकारने या तंबाखूच्या सुऱ्यांवर साकाईचा खास शिक्का मारण्याची आणि त्या विकण्याची मक्तेदारी गावाला दिली. याच काळात, १७व्या शतकात, तिथे देबा तयार होऊ लागली. त्याआधीच्या जपानी सुऱ्या लांब, अरुंद आणि तलवारीच्या वळणाच्या असत. नारा येथील शोसोइन या राजभांडारात ८व्या शतकातले असे नमुने जपून ठेवलेले आहेत.

एदो काळात शहरे वाढली, मासळीबाजार मोठे झाले आणि खाणावळींची संख्या वाढली. तसे एकेका कामाला एकेक सुरी जन्माला येऊ लागली. कच्च्या माशाचे काप काढायला लांबट यानागिबा, भाजीला पातळ उसुबा, मासा फोडायला देबा. ईल माशासाठी तर प्रांतागणिक वेगळी सुरी झाली, कारण तोक्योकडे तो पाठीतून उघडतात आणि ओसाकाकडे पोटातून. लहान मासळीची अजीकिरी या विशेषीकरणाचाच भाग आहे.

साकाईत एक सुरी पहिल्यापासून शेवटपर्यंत एकाच माणसाच्या हातून घडत नाही. लोहार पाते घडवतो, धार लावणारा वेगळा कारागीर त्याला उतार आणि धार देतो, तिसरा मूठ बसवतो. व्यापारी हे सारे जुळवून आणतो आणि आपले नाव कोरून सुरी विकतो. प्रत्येक जण आपल्याच कामात आयुष्य घालवतो आणि त्यामुळे ते काम अत्यंत बारकाईने होते. १९८२ मध्ये जपान सरकारने साकाईच्या घडीव हत्यारांना पारंपरिक हस्तकलेचा अधिकृत दर्जा दिला. जपानी व्यावसायिक आचाऱ्यांच्या एकांगी धारेच्या सुऱ्यांत आजही साकाईचा वाटा फार मोठा आहे. त्याशिवाय सेकी, सान्जो, एचिझेन आणि तोसा या ठिकाणीही सुऱ्या बनतात. तोसाच्या अजीकिरी साध्या, रांगड्या आणि तुलनेने स्वस्त म्हणून कोळ्यांत आणि घरांत चालतात.

मासा कापण्याची रीत

अजी साफ करताना आधी खवले शेपटीकडून डोक्याकडे खरवडतात. मग शेपटीजवळ धार जवळजवळ आडवी लावून, सुरी पुढेमागे हलवत झेइगोची पट्टी दोन्ही बाजूंनी सोलतात. कल्ल्यामागच्या पराच्या मागून तिरका छेद देऊन डोके काढतात. टोकाने पोट उघडतात, आतली घाण काढतात, मणक्यालगतची रक्ताची रेघ फोडतात आणि मासा थंड पाण्याने धुऊन लगेच कोरडा पुसतात. इथून पुढे पाणी लावत नाहीत, कारण उघड्या मांसात पाणी मुरले की चव उतरते.

मांस काट्यापासून सोडवण्याच्या मुख्य रीतीला ‘सानमाई-ओरोशी’ म्हणतात. तिच्यात माशाचे तीन भाग होतात, दोन बाजूंच्या मांसाच्या दोन फाका आणि मधला काटा. पोटाच्या बाजूने शेपटीपर्यंत काट्यालगत एक छेद, मासा फिरवून पाठीच्या बाजूने तसाच दुसरा छेद, आणि मग शेपटीकडून सुरी घालून डोक्याच्या दिशेने एका ओढीत फाक सुटी. मासा उलटून हेच दुसऱ्या बाजूला करतात. अगदी लहान मासा असला तर ‘दाइम्यो-ओरोशी’ पुरते. तिच्यात डोक्याच्या बाजूने सुरी घालून एकाच ओढीत शेपटीपर्यंत जातात. काट्यावर थोडे मांस जास्त राहते, पण काम झटपट होते.

कोणती रीत वापरायची हे पदार्थावर ठरते. अजीचे तळलेले ‘अजी-फुराई’ करायचे असेल तर मासा पाठीतून उघडतात. ‘तेम्पुरा’ या पिठात बुडवून तळलेल्या पदार्थासाठी किसूही असाच उघडतात. वाळवणीचा अजी बहुधा पोटातून उघडून खारवतात. शिझुओका प्रांतातले नुमाझू त्यासाठी नावाजलेले आहे. चिबा प्रांतातल्या बोसो द्वीपकल्पाच्या कोळ्यांचा ‘नामेरो’ हा पदार्थ तर सुरीवरच होतो. अजीचे मांस मिसो (आंबवलेल्या सोयाबीनचा लगदा), आले आणि कांद्याच्या पातीबरोबर फळीवर चिकट होईपर्यंत बारीक चेचतात.

धारेला इतके महत्त्व देण्याचे कारण चवीत आहे. बोथट सुरी पेशी चिरडते, त्यांतले पाणी बाहेर येते आणि कच्चा खायचा मासा पचपचीत लागतो. स्वच्छ छेदाचे मांस चकचकीत आणि घट्ट राहते. पोट लवकर साफ करण्यामागे आरोग्याचाही विचार आहे. अजी आणि साबा यांच्या पोटात अनिसाकिस नावाचा परजीवी कृमी असू शकतो. मासा मेल्यावर तो आतड्यांतून मांसात शिरतो. मीठ किंवा व्हिनेगरने तो मरत नाही. उणे २० अंश सेल्सिअसला २४ तास गोठवल्याने किंवा मासा नीट शिजवल्याने मरतो.

धार आणि निगा

धार लावण्यासाठी पाण्यात भिजवलेले दगड वापरतात. टवका उडाला असेल तर आधी खरबरीत दगड, नेहमीच्या धारेसाठी साधारण १००० क्रमांकाचा मध्यम दगड आणि शेवटी ३००० ते ६००० क्रमांकाचा गुळगुळीत दगड. एकांगी सुरीत कोन हाताने मोजावा लागत नाही. रुंद उतार दगडावर सपाट टेकवला की कोन आपोआप जमतो. घासत गेल्यावर दुसऱ्या बाजूला धातूची अगदी बारीक कड उलटते. ती बोटाला लागली की सुरी उलटून उरा दगडावर पूर्ण सपाट ठेवायची आणि दोनचार हलके हात फिरवून ती कड काढायची. खोलगट बाजूला कोन देऊन घासणे ही सर्वांत मोठी चूक. त्याने एकांगी धारेची रचनाच मोडते.

कर्बयुक्त पोलाद ओले राहिले तर काही तासांत गंजते. म्हणून वापरतानाही पाते ओल्या फडक्याने पुसत राहतात आणि काम संपल्यावर धुऊन पूर्ण कोरडे करतात. बरेच दिवस वापरायची नसेल तर कॅमेलियाच्या बियांच्या तेलाचा हलका हात फिरवतात. ही सुरी गोठलेल्या माशावर किंवा मोठ्या माशाच्या डोक्यावर चालवू नये आणि हाडात अडकली तर पिळू नये. तिची धार आडव्या ताणाने तुटते. नवशिक्यासाठी गंजरोधक पोलादाच्या आणि दोन्ही बाजूंनी धार दिलेल्या अजीकिरीही मिळतात. त्या सांभाळायला सोप्या असतात, पण काट्यावरून सरकण्याचा तो खास गुण दुहेरी उताराच्या सुरीत येत नाही.

आजची स्थिती

दुसऱ्या महायुद्धानंतर जपानी घरांत ‘सान्तोकु’ नावाची दोन्ही बाजूंनी धार असलेली सर्वोपयोगी सुरी आली. सुपरमार्केटमध्ये मासा कापून, साफ करून मिळू लागला आणि घरात अख्खा मासा येणे कमी झाले. जपानमधला मासळीचा दरडोई वार्षिक वापर २००१ मध्ये ४०.२ किलोग्रॅम होता. पुढच्या वीस वर्षांत तो २५ किलोग्रॅमच्याही खाली उतरला. लहान मासळी काट्यावेगळी करण्याचे कौशल्य पूर्वी आईकडून मुलीकडे जात असे. आता ते बऱ्याच घरांतून गेले आहे.

तरीही अजीकिरी बाजारातून गेलेली नाही. बंदराच्या धक्क्यावर गळ टाकून अजी पकडणे हा जपानमधला लोकप्रिय छंद आहे आणि घरी आणलेली पंधरा-वीस लहान मासे साफ करायला हीच सुरी सर्वांत सोयीची पडते. किनाऱ्यावरच्या घरांत, सुशीच्या दुकानांत आणि तेम्पुराच्या भोजनालयांत ती रोज वापरली जाते. अख्खा मासा कापायला शिकणाऱ्या नवख्यांना पुष्कळदा मोठ्या देबाऐवजी हीच आधी दिली जाते, कारण अजी स्वस्त असतो आणि एका दिवसात दहा मासे कापून हात बसवता येतो. लहान मासळी ही समुद्राची सर्वांत स्वस्त आणि पौष्टिक देणगी आहे. तिच्यातले मांस वाया जाऊ नये यासाठी कारागिरांनी पिढ्यान्‌पिढ्या एका बोटभर पात्यावर इतका विचार केला आणि जोवर अख्खी मासळी घरात येत राहील तोवर या सुरीची जागा दुसरे हत्यार घेणार नाही.